पोटाच्या सांथींवरील लशींची पहिली मानवी परीक्षा व तिचें दप्तर

१. सातारा व सांगली या प्रांतांतून पंढरीस जाणाऱ्या वाटांचा इतिहास लिहितांना सनदा, दिंड्यांचे मान, अन्नछत्रें व धर्मशाळा यांचा विचार होतो. त्याच वाटांवर पोटाच्या रोगानें जीं माणसें पडलीं, त्यांचा विचार सहसा होत नाहीं. कारण त्यांचे कागद मागें राहिले नाहींत. या रोगांवर पुढें लशी निघाल्या. त्या माणसावर प्रथम कोणीं, कोणावर व कशा रीतीनें तपासून पाहिल्या, आणि त्या तपासणीचा पुरावा कोणत्या प्रतीचा मानावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. विषय वैद्यकाचा दिसला तरी त्यांतील प्रश्न पुराव्याचा आहे. आणि पुरावा पारखणें हा या पानांच्या वाचकांचा नित्याचा उद्योग असल्यामुळें हा विषय त्यांच्यापुढें मांडण्यास संकोच वाटत नाहीं.

२. प्रथम नांवांविषयीं. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत वांति व अतिसार एकदम होणाऱ्या व्याधीस विषूचिका म्हटलें आहे. सुयांनीं टोंचल्यासारख्या वेदना होतात म्हणून हें नांव पडलें, अशी सुश्रुताची उपपत्ति. ज्या रोगास सुईवरून नांव मिळालें, त्यावरील प्रतिबंधही पुढें सुईनेंच व्हावा, हा योग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मात्र प्राचीनांची विषूचिका व आजची पटकी एकच, असें मानण्याची घाई करूं नये. जुन्या नांवाचा व्याप मोठा होता. मराठींत मोडशी हा शब्द जुना. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ इ. स. १५६३ त गोव्यास छापला गेला. त्यांत या रोगाचें वर्णन असून देशी नांवही दिलें आहे. हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडीं 'मोर्देशी' झाला, आणि फ्रेंचांनीं त्याचा 'कुत्र्याचें मरण' अशा अर्थाचा अपभ्रंश केला. कृष्णाकांठच्या गांवांत मात्र सांथीचें नांव मरीआई. तिचा गाडा शिवेपार नेऊन पोंचविण्याची चाल पुष्कळांस माहीत आहे. हा रोग एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो, हें ज्ञान त्या चालींत स्पष्ट आहे.

३. इ. स. १८१७ त बंगालप्रांतीं जेसोर येथें पटकीची मोठी सांथ उठली. त्या सालच्या नोव्हेंबरांत ती बुंदेलखंडांत गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज याच्या छावणींत शिरली, आणि पुढील वर्षीं फौजा, व्यापारी व यात्रेकरू यांच्याबरोबर दक्षिणेंत उतरली. १८१८ च्या फेब्रुवारींत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला; त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत, म्हणजे शके १७४० त, पंढरपुरास आषाढीच्या सुमारास पटकीनें थैमान घातलें, व ऑगस्टांत ती मुंबईस पोंचली. राज्यक्रांतीचे कागद आपण जिवापाड जपले. त्याच पावसाळ्यांत वाटेवर पडलेल्यांची यादी कोणीं केली नाहीं.

त्यानंतर थोड्याच वर्षांनीं सातारा प्रांतांतील आरफळचे हैबतबाबा यांनीं ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी-सोहळ्यास आजचें शिस्तबद्ध रूप दिलें. ती पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगांव, फलटण, बरड या मुक्कामांनीं पुढें जाते. हजारों माणसें, एकच नदी व विहिरी, आणि पावसाळ्याचे दिवस, हें पटकीच्या प्रसाराचें कारण रोगजंतूचा शोध लागण्यापूर्वींच डोळ्यांपुढें होतें.

४. पटकीच्या जंतूवर लस टोंचण्याचा मोठा प्रयोग प्रथम स्पेनांत फेर्रान यानें इ. स. १८८५ त केला. परंतु त्याचे आंकडे तपासतां येण्याजोगे नव्हते, म्हणून विद्वानांनीं तो मान्य केला नाहीं. पुढें पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत वाल्देमार हाफकिन यानें दोन लशी सिद्ध केल्या, एक सौम्य व दुसरी उग्र. ओडेसा येथें १८६० त जन्मलेल्या या गृहस्थानें तारीख १८ जुलै १८९२ रोजीं पहिली लस स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली, व सहा दिवसांनीं दुसरी. ताप आला, टोंचलेली जागा दुखली, आणि थोड्या दिवसांत प्रकृति पूर्ववत् झाली. मग कांहीं रशियन मित्रांनीं ती घेतली, आणि ३० जुलै रोजीं हें वृत्त पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढें आलें.

या परीक्षेनें काय सिद्ध झालें, हें नीट पाहिलें पाहिजे. लस घेतल्यानें माणूस मरत नाहीं, एवढेंच सिद्ध झालें. रोग टळतो, हें सिद्ध झालें नाहीं. कारण पॅरिसांत त्याच्या अंगावर रोग आलाच नव्हता. आजही लशीच्या पहिल्या पायरीवर मुख्यतः हेंच पाहतात, कीं ती सोसते कीं नाहीं.

५. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं हाफकिन मार्च १८९३ त कलकत्त्यास आला. पुढील दोन-अडीच वर्षांत त्यानें हिंदुस्थानांत सुमारें ४२,००० माणसांस लस टोंचली. त्यांतील कट्टल बागान या कलकत्त्याच्या वस्तींतील नोंद प्रसिद्ध आहे. मार्च १८९४ त दोन तळ्यांभोंवतालच्या सुमारें २०० लोकांच्या त्या वस्तींत पटकी शिरली; त्यांपैकीं ११६ लोकांनीं लस घेतली. नंतर वस्तींत आणखी १० जण आजारी पडले व त्यांतील ७ मेले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकीं होते.

आंकडे बोलके आहेत, तरी एक शंका राहते. लस घेण्यास जे पुढें आले ते कदाचित् सुस्थितींतले, सावध, पाणी जपून पिणारे असतील. मग गुण लशीचा कीं सावधपणाचा? लशीची शक्ति पहिले कांहीं दिवस व सुमारें वर्षानंतर दिसत नाहीं, हें हाफकिनच्याच आंकड्यांवरून पुढें आलें. स्वतःच्या शोधास बाधक ठरणारी नोंद त्यानें लपविली नाहीं, म्हणून त्याच्या बाकीच्या नोंदींसही वजन येतें.

६. या शंकेचें निरसन करण्याची रीत हाफकिननें प्लेगच्या कामांत शोधली. प्लेग हा पोटाचा रोग नव्हे. परंतु परीक्षेची पद्धति समजण्यासाठीं त्याचा उल्लेख आवश्यक आहे. तारीख १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें मुंबईस प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग आला, तेव्हां सुमारें निम्म्या कैद्यांस लस टोंचण्यांत आली. अन्न, निवारा व पाणी सर्वांस सारखें, म्हणून तुलना अधिक चोख झाली. कैदी स्वखुशीनें पुढें आले असें सांगतात. पण तुरुंगाच्या भिंतीआंतील खुशीस किती मोल द्यावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

त्याहून चांगली परीक्षा फेब्रुवारी १८९८ त बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं झाली. तेथें दर कुटुंबांतील निम्म्या माणसांस लस दिली व निम्म्यांस दिली नाहीं. ज्या २८ घरांत रोग शिरला त्यांत लस घेतलेले ७१ व न घेतलेले ६४ होते. पहिल्यांपैकीं ८ आजारी व ३ मृत. दुसऱ्यांपैकीं २७ आजारी व २६ मृत. एकाच चुलीवर जेवणारीं, एकाच छपराखालीं निजणारीं माणसें असल्यामुळें सावधपणाची शंका येथें उरत नाहीं. मात्र तीं २६ माणसें त्या आंकड्यांची किंमत देऊन गेलीं, हेंही त्याच ओळींत वाचावें.

७. दप्तराचें महत्त्व मुलकोवाल प्रकरणांत दिसून आलें. पंजाबांतील या गांवीं ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं १०७ लोकांस प्लेगची लस टोंचली. त्यांतील १९ जण धनुर्वातानें मेले. हे सर्व '५३-एन' या एकाच बाटलींतून टोंचलेले होते. दोष प्रयोगशाळेवर आला व हाफकिनला कामावरून दूर केलें. परंतु कोणत्या माणसास कोणत्या बाटलींतून टोंचलें ही नोंद शाबूद होती. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला व तो पुरता शुद्ध न करतां वापरला गेला, ही जबानीही होती. शास्त्रज्ञांनीं ते कागद पुन्हा वाचले, आणि १९०७ त हाफकिन निर्दोष ठरला. बाटलीचा क्रमांक लिहिलेला नसता तर हा न्याय झाला नसता.

८. विसाव्या शतकांत पंढरीच्या यात्रेकरूस पटकीची सुई टोंचून घेऊन दाखला जवळ बाळगावा लागे. पुढें त्या लशीचा गुण अल्पकाळ टिकतो व सांथीचा प्रसार तिनें थांबत नाहीं असें ठरल्यावर जागतिक आरोग्य परिषदेनें १९७३ त देशांतराच्या प्रवासासाठीं असलेली पटकीच्या दाखल्याची अटही काढून टाकली. जुन्या पेट्यांतून असा दाखला निघाल्यास तो रद्दी समजूं नये.

९. आतां विषाणूकडे वळूं. तान्ह्या मुलांच्या जुलाबांचें एक मोठें कारण इ. स. १९७३ त मेलबर्न येथें रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांस सांपडलें. विद्युत्-सूक्ष्मदर्शकांत हा विषाणु चाकासारखा दिसतो, म्हणून लॅटिन 'रोटा' या शब्दावरून त्यास रोटाव्हायरस म्हणतात. हा 'रोटा' व आपला 'रथ' एकाच मूळ धातूचे वंशज होत. या विषाणूवरील पहिली विक्रीस आलेली लस अमेरिकेंत १९९८ त मंजूर झाली. पण कांहीं मुलांच्या आंतड्यांत आंतडें शिरल्याचें आढळून आल्यामुळें पुढच्याच वर्षीं ती मागें घ्यावी लागली. हजारांत न दिसणारा धोका लाखांत दिसतो, हा त्यांतील धडा.

हिंदुस्थानांतील लशीची हकीकत निराळी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत नवजात मुलांत हा विषाणु सांपडला, पण तीं मुलें आजारी नव्हतीं; आणि पुढेंही त्यांस तीव्र जुलाबांपासून संरक्षण मिळाल्याचें दिसलें. महाराज किशन भान यांनीं हा धागा धरला. त्या वाणास ११६-ई हें नांव मिळालें. तो मूळ मानवी विषाणु असून त्याचा एक अंश गाईच्या विषाणूचा आहे. देवीच्या लशीप्रमाणें येथेंही गाय उपयोगीं पडली.

१०. ही लस प्रथम प्रौढांस, मग मोठ्या मुलांस, मग तान्ह्यांस, या क्रमानें दिली गेली. तान्ह्यांवरील एका आरंभीच्या परीक्षेचा वृत्तांत २००६ त प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या ९० मुलांचे तीन गट केले. एकास ११६-ई, दुसऱ्यास बंगळूरचा आय-३२१ हा वाण, आणि तिसऱ्यास लस नसलेलें केवळ तशाच रूपाचें द्रव्य. रक्तांत प्रतिकारशक्ति वाढल्याचें पहिल्या गटांत शेंकडा ७३, दुसऱ्यांत ३९ व तिसऱ्यांत २० मुलांत दिसलें. तिसरा गट नसता तर आपोआप लागण होऊन आलेली ही शेंकडा २० ची वाढही लशीच्याच खात्यावर जमा झाली असती.

शेवटची मोठी परीक्षा २०११ त सुरू झाली. दिल्ली, पुणें व वेल्लोर या तीन केंद्रांत ६,७९९ मुलें घेतलीं. दोघांस लस तर एकास लस नसलेलें द्रव्य, असें प्रमाण होतें. कोणास काय मिळालें हें आईबापांस ठाऊक नव्हतें व देणाऱ्यासही नव्हतें. तीव्र जुलाबांचें प्रमाण लशीनें शेंकडा सुमारें ५४ नीं घटलें. पुण्याकडील केंद्र के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन-केंद्राचें. त्याचें ग्रामीण क्षेत्र शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक. छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें हें गांव वाचकांस परिचित आहेच. तेथें भोंवतालच्या २२ गांवांतील जन्म, मृत्यु व स्थलांतर यांची नोंद २००२ पासून ठेवली जात आली आहे. १८१८ त ज्याचा अभाव होता, तें हेंच दप्तर. २०१६ त ही लस चार राज्यांत सरकारी लसीकरणांत आली, व पुढें इतर राज्यांत पसरली.

विक्रीस दुसऱ्या लशी असतां कांहीं मुलांस लसच न देणें योग्य कीं अयोग्य, असा आक्षेप तेव्हां जाणकारांनीं घेतला. त्या लशी गरिबांस परवडत नव्हत्या, व येथील मुलांवर किती गुण देतील याची खात्री नव्हती, असें उत्तर देण्यांत आलें. दोन्ही बाजूंस तथ्य आहे. उंढेऱ्याचाच प्रश्न शंभरांहून अधिक वर्षांनीं पुन्हा उभा राहिला. फरक हा कीं या वेळीं आईबापांची लेखी संमति होती, आजारी मुलांस उपचार होता, आणि देखरेखीस निराळें मंडळ होतें.

११. बखर व अस्सल पत्र यांत आपण भेद करतों तो एवढ्यासाठीं, कीं पत्र घटनेच्या वेळीं लिहिलेलें असतें व त्यास पुढची हकीकत ठाऊक नसते. लशीची चोख परीक्षा ही अशा समकालीन कागदाचीच बुद्धिपुरस्सर केलेली रचना होय. निकाल कळण्याआधीं नोंद, आणि नोंदीवर मोहोर. फेर्रानचें काम बखरीच्या प्रतीचें ठरलें, हाफकिनचें अस्सल पत्राच्या जवळ गेलें, आणि वढूकडील काम त्या कसोटीस पूर्ण उतरतें. आज परीक्षेंतील मुलाचें नांव नियमानें गुप्त ठेवतात. तें योग्यच आहे, व पुढच्या संशोधकानें तें उकरूं नये. परंतु कट्टल बागानच्या त्या ११६ जणांचीं व उंढेऱ्याच्या त्या ६४ जणांचीं नांवें कोणी मुद्दाम गुप्त ठेवलीं नव्हतीं. तीं विचारण्याची गरजच कोणास वाटली नाहीं.

सातारा, कऱ्हाड, वाई, मिरज, सांगली येथील संग्राहकांस शेवटीं एक विनंति. संस्थानी व तालुक्याच्या दप्तरांच्या रुमालांत टोंचणीचीं रजिस्टरें, सांथीच्या दिवसांतील पाटलांचे मृत्युतक्ते, यात्रेकरूंचे दाखले, लस टोंचण्याविषयींच्या दवंड्या व गावकऱ्यांचे विरोधाचे अर्ज आढळण्याचा संभव आहे. मोडींतील तहनाम्याइतकेंच जपून ते ठेवावे, तारीख व स्थळ टिपून घ्यावें, आणि त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. पंढरीच्या वाटेवर पडलेल्या माणसांचें नांव इतिहासांत यावयाचें असेल, तर तें याच कागदांतून येईल.