मनोविकारांचीं नांवें

घरांतील एखादें माणूस एकाएकीं बोलेनासें झालें, किंवा भलतेंच बोलूं लागलें, रात्र रात्र जागूं लागलें, म्हणजे घरच्या मंडळींच्या तोंडीं जीं पहिलीं वाक्यें येतात तीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. 'डोक्यावर परिणाम झाला', 'चळ लागला', 'बाहेरचें कांहीं असेल'. यांपैकीं प्रत्येक वाक्य हें एक निदान आहे आणि प्रत्येकाच्या पोटांत एक उपचारहि दडलेला आहे. पहिलें वाक्य इस्पितळाकडे नेतें, तिसरें देवऋषीकडे. पुढें तें माणूस डॉक्टरांपुढें बसतें व तेथें त्यास एक निराळें, परदेशी वळणाचें नांव मिळतें. तें नांव कागदावर चढतें आणि तेथून सोयरिकीच्या बोलण्यांत, नोकरीच्या अर्जांत, प्रसंगीं कोर्टांतहि जाऊन पोंचतें. हिंवतापाचें कारण रक्ताच्या थेंबांत दाखवितां येतें. मनोविकाराचें नांव मात्र आजहि बहुतांशीं रोग्याचें बोलणें ऐकून, त्याचें वागणें पाहून आणि घरच्यांस विचारूनच ठरवावें लागतें. हीं नांवें आलीं कोठून, तीं कोणीं ठरविलीं, आणि त्यांजवर किती भार टाकावा, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मनोविकारांचे प्रकार पाडण्याची खटपट फार जुनी आहे. चरकसंहितेंत उन्मादाचे पांच प्रकार सांगितले आहेत : वात, पित्त व कफ यांचे तीन, तिन्ही दोष एकवटून होणारा चवथा, आणि बाहेरून येणारा आगंतु हा पांचवा. येथें विभागणीचें तत्त्व कारण हें आहे. युरोपांत अठराव्या शतकांत निराळेंच वारें वाहूं लागलें. लिनीअसनें वनस्पतींचीं कुळें लावून दिलीं होतीं; तीं पाहून माँपेल्ये येथील वैद्य सोव्हाज यांनीं १७६३ सालीं रोगांचींहि तशींच कुळें व जाती मांडल्या. जो तो लक्षणें वेंचून नवी जात निर्माण करी. १८०१ सालीं पॅरिसच्या पिनेलनीं हा पसारा आवरून उन्माद, विषाद, बुद्धिनाश, जडबुद्धि अशा मोजक्या खणांत आणून बसविला. परंतु रोप उपटून त्याचीं मुळें पाहतां येतात, तशीं मनाचीं पाहतां येत नाहींत, ही अडचण राहिलीच.

ती अडचण एकदां मात्र सुटली, आणि तिच्या सुटण्यानें पुढील शंभर वर्षांची आशा उभी केली. १८२२ सालीं बेल या तरुण फ्रेंच वैद्यानें असे रोगी वर्णिले कीं ज्यांस आधीं आपण अमाप श्रीमंत वा पराक्रमी आहों असा भ्रम होई, मग बुद्धि मंदावे, शेवटीं अंग लुळें पडे. तोंवर या निरनिराळ्या अवस्थांस निरनिराळे रोग समजत. बेलनें त्या एकाच रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. १९१३ सालीं नोगुची व मूर यांनीं अशा मृतांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतूच दाखवून दिले. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनीं त्याआधींच हिंवतापाचा ताप मुद्दाम आणून हा रोग हटविण्याची कल्पना धरली होती; १९१७ सालीं ती त्यांनीं प्रत्यक्षांत आणली आणि १९२७ सालीं त्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें पेनिसिलीन आलें. तेव्हां वेडाचा एक प्रकार कारणासह ओळखला गेला व बरा होऊं लागला. परंतु येथें एक गंमत घडली. कारण सांपडतांच तो रोग मनोविकारशास्त्राच्या हातून निसटून दुसऱ्या खात्यांत गेला. ज्यांचीं कारणें सांपडलीं नाहींत तेवढेच विकार या शास्त्राच्या पदरीं उरले, आणि वर्गीकरणाचा सारा वाद त्यांच्याविषयींच आहे.

या उरलेल्या विकारांस आजचीं नांवें ज्यांच्यामुळें मिळालीं ते एमिल क्रेपेलिन १८५६ सालीं, म्हणजे फ्रॉइडच्याच वर्षीं, जन्मले. वयाच्या तिसाव्या वर्षीं ते डोरपाट येथें, म्हणजे आजच्या एस्तोनियांतील टार्टु गांवीं, प्राध्यापक झाले. तेथील पुष्कळ रोग्यांची भाषा त्यांस येत नसे. संभाषण दुभाष्याच्या तोंडून चाले. रोग्याच्या मनांतील अर्थापेक्षां त्याच्या आजाराच्या बाह्य वाटचालीकडे त्यांचें लक्ष अधिक गेलें, त्याला ही परिस्थितीहि कांहीं अंशीं कारण झाली असावी, असें आम्हांस वाटतें. १८९१ सालीं हायडेलबर्गला आल्यावर त्यांनीं प्रत्येक रोग्याचें एक कार्ड ठेवण्याची पद्धत चालविली. आजार केव्हां सुरू झाला, कसा वाढला, रोगी घरीं गेल्यावर पुढें काय झालें, हें सारें त्या कार्डावर येई. कार्डांचे गठ्ठे पुन्हां पुन्हां लावून पाहतां त्यांस दिसलें कीं आजची लक्षणें फसवितात, शेवट फसवीत नाहीं. १८९९ सालच्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तींत त्यांनीं मोठी रेघ ओढली. ज्यांची बुद्धि तरुणपणींच ओसरूं लागते व सहसा परत येत नाहीं, त्यांच्या विकारास त्यांनीं 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हटलें. आणि ज्यांस हर्ष व विषाद यांचे झटके येतात पण मधल्या काळांत जे पूर्ववत् होतात, त्यांचा विकार 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' ठरला.

ही विभागणी मोठ्या बुद्धीची होती यांत संशय नाहीं. परंतु तिच्या पोटांत एक क्रूरता होती. शेवटावरून रोग ओळखावयाचा असें ठरलें कीं रोगाचें नांव उच्चारणें म्हणजे शेवट सांगणें होय. वीस वर्षांच्या मुलास पहिलें नांव दिलें, म्हणजे 'हा आतां सुधारणार नाहीं' असेंच त्याच्या बापास सांगितल्यासारखें झालें. झुरिचच्या ब्लॉयलर यांनीं रोग्यांच्या सहवासांत वर्षानुवर्षें काढलीं होतीं. असे सर्वच रोगी ढासळत नाहींत हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. १९०८ सालीं त्यांनीं जुनें नांव टाकून 'स्किझोफ्रेनिया' हें नवें नांव सुचविलें, आणि तो एक रोग नसून रोगांचा समूह आहे असें म्हटलें. स्वतः क्रेपेलिननींहि १९२० सालीं आपण ओढलेली रेघ पुष्कळ रोग्यांच्या बाबतींत टिकत नाहीं अशी कबुली दिली. शिष्यांनीं ती रेघ धरून ठेवली. गुरूची कबुली मागें पडली.

वैद्याखेरीज नांवांची गरज आणखी एकास असते, तो म्हणजे सरकार. अमेरिकेच्या १८४० सालच्या शिरगणतींत वेड्यांसाठीं व जडबुद्धींसाठीं मिळून एकच रकाना होता. त्या आंकड्यांवरून उत्तरेकडील मुक्त कृष्णवर्णीयांत वेडाचें प्रमाण भयंकर असल्याचें दिसलें, आणि गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनीं त्याचें भांडवल केलें. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर एडवर्ड जार्व्हिस यांनीं तपास केला तेव्हां आढळलें कीं कांहीं गांवांत जितके कृष्णवर्णीय राहत होते त्यांहून अधिक कृष्णवर्णीय वेडे नोंदले गेले होते ! १८५१ सालीं लुइझियानांतील कार्टराइट या वैद्यानें तर पळून जाणाऱ्या गुलामास 'ड्रेपेटोमेनिया' हा रोग झालेला असतो असें प्रतिपादन केलें. स्वातंत्र्याची इच्छा हाच रोग ! पुढें सोव्हिएट रशियांत राज्यावर टीका करणारांस 'मंदगति स्किझोफ्रेनिया' चें नांव देऊन इस्पितळांत कोंडण्यांत आलें, तेव्हां त्या जुन्याच युक्तीनें नवा वेष घेतला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेनें १९४८ सालच्या आपल्या रोगसूचींत मनोविकारांस प्रथमच स्वतंत्र प्रकरण दिलें, व १९५२ सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपली पहिली पुस्तिका काढली. नांवें छापलीं गेलीं, पण तीं लावण्यांत एकवाक्यता होती काय ? लंडनपेक्षां न्यूयॉर्कच्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचे रोगी पुष्कळच अधिक, आणि हर्ष-विषादाचे फारच थोडे, असें आंकडे सांगत. रोगी निराळे कीं डॉक्टर निराळे, हें पाहण्यासाठीं दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनीं संयुक्त तपास केला. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भागांत तेच रोगी चित्रफितींवर दोन्हीकडील डॉक्टरांस दाखविले होते. त्यांतील एका तरुणास शंभरांपैकीं ६९ अमेरिकन डॉक्टरांनीं स्किझोफ्रेनिया ठरविला. ब्रिटिशांपैकीं शंभरांत केवळ दोघांनीं! अटलांटिक ओलांडतांच माणसाचा रोग बदलत होता. आणि ही केवळ शब्दांची बाब नव्हती, कारण तोंवर हर्ष-विषादावर लिथियम उपलब्ध झालें होतें. चुकीचें नांव पडलेला रोगी त्या औषधास मुकत होता.

१९७३ हें वर्ष या शास्त्राची कसोटी पाहणारें ठरलें. जानेवारींत रोझनहान या मानसशास्त्रज्ञानें प्रसिद्ध केलें कीं आपण व आपले सहकारी मिळून आठ निरोगी माणसें 'कानांत आवाज येतात' एवढेंच सांगून इस्पितळांत शिरलीं आणि कोणाहि डॉक्टरनें त्यांस ओळखलें नाहीं. या निबंधानें एकच खळबळ उडाली. सुझॅना कॅहलन यांच्या २०१९ सालच्या पुस्तकानें त्याच्या सत्यतेविषयींच गंभीर संशय उत्पन्न केला आहे, हें येथें सांगणें न्यायाचें होईल. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकन संघटनेच्या कार्यकारी मंडळानें समलिंगी आकर्षण रोगांच्या यादींतून काढून टाकलें. आदल्या वर्षीं जॉन फ्रायर या डॉक्टरांस, मी स्वतः त्यांतलाच आहें, एवढें आपल्या समव्यवसायी मंडळींस सांगण्यासाठीं तोंडावर मुखवटा चढवावा लागला होता. निर्णयास आव्हान मिळालें व १९७४ सालीं सभासदांचें मत घेण्यांत आलें : ५८५४ निर्णयाच्या बाजूनें, ३८१० विरुद्ध. रोग आहे कीं नाहीं हें मतपेटी ठरविते काय, असा उपहास तेव्हां झाला. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. ती गोष्ट यादींत घातली गेली तीहि कोणत्या प्रयोगानें सिद्ध होऊन नव्हे; समाजाच्या मतानेंच ती आंत शिरली होती. मतानें आंत आलेलें मतानें बाहेर गेलें, यांत शास्त्राची हानि झाली असें म्हणवत नाहीं.

या साऱ्या गोंधळांतून रॉबर्ट स्पिट्झर यांच्या पुढाकारानें १९८० सालची तिसरी आवृत्ति निघाली. कारणांचा वाद बाजूस ठेवावा, आणि प्रत्येक नांवापुढें स्पष्ट कसोट्या लिहाव्या, हें तिचें धोरण. उदाहरणार्थ, आजच्या आवृत्तींत मोठ्या नैराश्यविकारास नऊ लक्षणांपैकीं पांच तरी दोन आठवडे असावीं लागतात, व त्यांत खिन्नता किंवा अरुचि यांपैकीं एक असावेंच लागतें. यामुळें मुंबईचा डॉक्टर व बोस्टनचा डॉक्टर एकच भाषा बोलूं लागले, हा लाभ लहान नाहीं. पण वाचकांनीं थोडा हिशेब करून पाहावा. नवांपैकीं पांच लक्षणांचे दोन रोगी घेतले तर त्यांच्यांत एकच लक्षण समान असणें शक्य आहे ! आणि चारच लक्षणें असलेला रोगी कमी दुःखी असतो असेंहि नाहीं. दोन घड्याळें एकच वेळ दाखवितात एवढ्यावरून ती वेळ बरोबर ठरत नाहीं. २०१३ सालीं पांचवी आवृत्ति निघण्याच्या सुमारास अमेरिकेच्याच सरकारी मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांनीं यापुढें संशोधन या खणांना बांधून ठेवणार नाहीं असें जाहीर केलें, तें याच कारणासाठीं.

या इतिहासाशीं आपला संबंध दूरचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें नऊ शहरांत स्किझोफ्रेनियाची जी पाहणी चालविली त्यांत आग्रा हें एक होतें. मॉस्को व वॉशिंग्टन येथील डॉक्टर हें नांव इतरांहून सढळ हातानें देतात असें त्या पाहणींत दिसलें; आणि आग्रा, काली व इबादान येथील रोग्यांची पुढील स्थिति श्रीमंत देशांतल्यांपेक्षां सरस आढळली. त्याचा अर्थ काय लावावा याविषयीं मतभेद आहेत. पण 'शेवट ठरलेला आहे' या समजुतीस आग्र्याच्या रोग्यांनींहि उत्तर दिलें, हें खरें. कायद्यापुरतें पाहिलें तर १९१२ सालच्या कायद्यास माणूस 'ल्युनॅटिक' आहे कीं नाहीं एवढ्याशींच कर्तव्य होतें. २०१७ सालच्या कायद्यानें निदान मान्य वैद्यकीय कसोट्यांवरच व्हावें असें सांगून पुढें स्पष्ट बजावलें आहे कीं कोणाचें राजकीय मत, सामाजिक दर्जा, जात वा धर्म, किंवा समाजाच्या नीतिकल्पनांशीं न जुळणारें वर्तन, यांवरून त्यास मनोरुग्ण ठरवितां कामा नये. कार्टराइट आणि मॉस्को यांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास त्या कलमाचें मोल सांगावयास नको.

मग नांवें टाकून द्यावीं काय ? आमचें मत तसें नाहीं. नांवावांचून औषध निवडतां येत नाहीं, अनुभव एकमेकांस सांगतां येत नाहीं, आणि 'बाहेरचें असेल' या जुन्या निदानास तोंड देतां येत नाहीं. परंतु ज्यांनीं हीं नांवें घडविलीं त्यांनींच तीं वारंवार खोडलीं आहेत, एवढें स्मरण डॉक्टरांनीं आणि घरच्यांनीं ठेवावें. क्रेपेलिनच्या कार्डांचा खरा गुण असा होता कीं त्यांवर पुढची नोंद करण्यास जागा ठेवलेली असे. आपल्या माणसाच्या कागदावर जें नांव लिहिलें जाईल त्याच्या खालींहि ती जागा राखून ठेवावी, आणि तें नांव पुन्हां केव्हां तपासून पाहणार, हें डॉक्टरांस निःसंकोच विचारावें.