पाठीवर राक्षसमुख असलेला गणपती

गणपतीच्या पाठीचे दर्शन घेऊ नये, तिथे दारिद्र्य असते, असे आपल्याकडे वडीलधारे सांगतात. पूर्व जावातल्या ब्लिटारजवळ बोरो नावाची छोटी वस्ती आहे. तिथला दगडी गणपती मात्र मागूनही पाहावा असाच घडवला आहे. त्याच्या पाठीवर बटबटीत डोळ्यांचे, सुळेवाले कालमुख कोरलेले आहे. आपल्या देवळांतल्या कीर्तिमुखाचा हा भाऊच. बैठकीवर नरमुंड आहेत.

मूर्तीवर शक ११६१, म्हणजे इ.स. १२३९, हा काल आकड्यांत नव्हे, शब्दांत दिला आहे. ‘भूमी’ म्हणजे एक, आणि शब्द उलट क्रमाने वाचायचे. आपल्या जुन्या शिलालेखांतलीच ही रीत, आणि शकही आपल्या पंचांगातलाच. तेव्हा देवगिरीवर यादव सिंघण होता, जावात सिंघसारीचे घराणे.

पण पाठीला पहारा कशासाठी? जवळून ब्रांतास नदी वाहते. मूर्ती मुळात नदीच्या उतारापाशी असावी आणि पार जाणाऱ्यांची राखण करत असावी, असे अभ्यासक मानतात. समोरचे विघ्न गणपती पाहील, मागून येणारे काल. मला हे पटते, कारण या मुलुखाला भीती नदीचीच नाही. उत्तरेला केलुद ज्वालामुखी आहे. १९१९ साली त्याच्या मुखातल्या तळ्याचे पाणी कढत चिखल होऊन खाली आले आणि सुमारे पाच हजार माणसे गेली. पुढे डच सरकारने बोगदे खणून तळ्याची पातळी उतरवली. त्याच डोंगराच्या राखेवर इथली भातशेती पोसते, म्हणून माणसे हा मुलूख सोडत नाहीत. गावकरी आज बहुतेक मुसलमान आहेत, आणि गणपती अजून गावातच आहे.