हिरवेपणाची किंमत : कागलचा ऊस आणि नत्राचा इतिहास

१/
कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून बाहेर पडले की कारखान्यांच्या भिंती संपतात आणि उसाचे फड सुरू होतात. दहा-अकरा महिन्यांचा एखादा फड काळसर हिरवा, दाट, पाने रुंद आणि लोंबती. पाहणारा म्हणतो, काय पीक आहे! जाणता गुळव्या मात्र असा ऊस पाहून जरा थांबतो. त्या थांबण्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो या थ्रेडमध्ये सांगतो.

२/
आधी थोडे शास्त्र. नत्रावर पानांची हिरवळ आणि वाढ अवलंबून असते. पान साखर तयार करते. पण मुळाशी नत्र मुबलक असेल तर ती साखर कांड्यात साठण्याऐवजी नवी पाने आणि नवे फुटवे घडवण्यात खर्च होते. उसाचे पिकणे म्हणजे वाढ मंदावणे. नत्र संपले नाही, तर ऊस पिकायलाच तयार होत नाही. तो उंच वाढतो, मऊ राहतो आणि पहिल्या वाऱ्यात लोळतो.

३/
एकोणिसाव्या शतकातला प्रश्न नेमका उलटा होता. जे. ए. व्होल्कर हा इंग्रज कृषिरसायनज्ञ १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतात जायला हवे ते शेण चुलीत जळते, ही त्याची मुख्य खंत होती. शेणखत, सोनखत, करंजीची वा एरंडीची पेंड, रानात बसवलेली मेंढरे, एवढीच काय ती नत्राची साधने. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने ओळखला तो नत्राचा तुटवडा. अतिरेकाची ओळख व्हायला अजून अवकाश होता.

४/
याच काळात कोल्हापूर संस्थानात कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले. १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसली. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पेठ आणि पाणी या दोन्हींच्या आधाराने ऊस वाढला आणि कोल्हापुरी गूळ गुजरातपर्यंत नाव मिळवू लागला.

५/
गुऱ्हाळ हे त्या काळचे न्यायालयच होते. रस काहिलीत उकळायचा, भेंडीच्या रसाने मळी वर आणायची, ती काढून टाकायची, चटका नेमका साधायचा. जास्त नत्राच्या उसाचा रस येथे लपत नसे. मळी आवरत नाही, रंग काळवंडतो, रवा घट्ट बसत नाही आणि पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते. सौद्यात भाव रंगावर आणि कणीवर ठरायचा. शेतात केलेल्या चुकीचा दंड मालकाच्या पदरी त्याच हंगामात पडत असे.

६/
दूर जर्मनीत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशने ती प्रक्रिया कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. पहिल्या महायुद्धात याच अमोनियातून स्फोटके बनली. भारतात सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ मध्ये, तर मुंबईजवळ तुर्भ्याचा १९६५ मध्ये सुरू झाला. १९७८ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स स्थापन झाली आणि 'उज्ज्वला' युरियाचे पोते घरोघरी ओळखीचे झाले.

७/
या पोत्याचे बळ समजून घ्या. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात साधारण २१ किलो. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरले, तर एका पोत्यात सुमारे ४ टन शेणखताइतके नत्र आले. शिवाय शेणखत कुजत कुजत महिनोन्‌महिने देते, तर युरिया थोड्या दिवसांत सगळे मोकळे करतो. ज्याच्या आज्याने गाड्या भरभरून खत वाहिले, त्याला ही जादू वाटली तर नवल नाही.

८/
आता कळीचा बदल. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मागोमाग कोल्हापूर जिल्ह्यातही कारखाने आले. त्यांनी गरिबाला पत दिली, गावाला रस्ते दिले, हे निर्विवाद. पण उसाची किंमत टनावर ठरू लागली, आणि साखरेचा उतारा मोजला गेला तो साऱ्या कारखान्याचा सरासरी. एकाच्या पाणचट उसाने झालेला तोटा सर्व सभासदांत वाटला जाऊ लागला. वाढलेले वजन मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर. माझ्या मते नत्राच्या अतिरेकाचे मूळ येथे आहे. शेतकरी अडाणी नव्हता. त्याने काट्यावरचा हिशेब अचूक वाचला.

९/
धोरणानेही त्याच दिशेला ढकलले. १९७७ पासून खतांना अनुदानाचा आधार मिळाला. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांसाठी अन्नद्रव्यनिहाय अनुदान आले आणि त्यांच्या किमती वाढल्या. युरिया त्यातून वगळला गेला. कर आणि निंबोळी-लेपन सोडता ४५ किलोच्या पोत्याची किंमत २४२ रुपयांवर बांधलेली आहे. स्वस्त ते जास्त पडणारच.

१०/
त्याची किंमत नुसत्या साखरेत मोजून भागत नाही. मऊ, रसाळ पान किडीला प्रिय. २००२ मध्ये दक्षिण महाराष्ट्रात पांढऱ्या लोकरी माव्याने उसात हाहाकार केला. नत्राचा भडिमार हे त्याच्या एकमेव कारणात मोडत नाही, पण त्याला पोषक नक्कीच ठरतो. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत मोठा.

११/
उपाय अज्ञात नव्हता. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते आहे. आजची शिफारस हेक्टरी अशी : सुरू उसाला २५० किलो नत्र, पूर्वहंगामी ३४०, आडसाली ४००. तेही चार हप्त्यांत : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या भरणीला ४०. त्यानंतर नत्र बंद. स्फुरद-पालाश सोबत हवेच. उरलेला काळ पिकाने नत्र संपवायचा.

१२/
पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीला वा जरबेराला हाच नियम अधिक कडकपणे लागू पडतो, कारण तेथे पाऊस येऊन काही धुऊन नेत नाही. पाने काळसर हिरवी, टोके खाली वळलेली, फुले उशिरा : ही अजीर्णाची लक्षणे. अशा वेळी खत थांबवावे, निचरा तपासावा, साध्या पाण्याने माध्यम धुवावे आणि क्षारता मोजूनच पुन्हा सुरुवात करावी. पिवळेपणा पाहून खत देणे सोपे. हिरवेपणा पाहून हात आखडणे अवघड.

१३/
२०१५ मध्ये निंबोळी-लेपित युरिया सक्तीचा झाला, २०१८ मध्ये पोते ५० वरून ४५ किलोंवर आले. दोन्ही पावले योग्य, पण ती पोत्यापुरती आहेत; काटा तसाच राहिला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा खरा वारसा चवीइतकाच या व्यवस्थेत आहे, की शेतात काय टाकले याचा जाब काहिलीत मिळत असे. प्रत्येकाच्या उसाचा उतारा वेगळा मोजून पैसे देण्याची सोय कारखान्याच्या गेटवर झाली, तर युरियाची शेवटची दोन पोती कोणाच्याही उपदेशावाचून कमी होतील.