आकाशाला कुंपण आहे का?

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय ज्यांना होती, त्यांनी हा प्रश्न लहानपणी एकदा तरी कुणाला विचारला असणार. हे आकाश संपतं कुठे? आणि संपत असेल, तर त्याच्या पलीकडे काय? मोठ्यांचं उत्तर ठरलेलं: "झोप आता."

आजच्या भागात याच प्रश्नाचा इतिहास बघू. विश्व मर्यादित आहे की अनंत? अडीच हजार वर्षं माणसं यावर भांडतायत. आणि तो सगळा इतिहास वाचल्यावर मला एक गोष्ट जाणवली. छातीठोक उत्तर देणाऱ्यांपेक्षा, "मी एवढंच मोजलंय" असं म्हणणाऱ्यांनी आपल्याला जास्त पुढे नेलंय.

हात बाहेर काढला तर?

सुरुवात ग्रीसपासून. ॲरिस्टॉटल म्हणायचा, विश्व मर्यादित आहे. मध्ये पृथ्वी, भोवती ग्रहांचे गोल, सगळ्यात बाहेर ताऱ्यांचा गोल. संपलं. त्याच्या थोडं आधी आर्कायटस नावाचा एक विचारवंत होऊन गेला, प्लेटोचा मित्र. त्याने एक साधा प्रश्न टाकून ठेवला होता. समजा मी विश्वाच्या अगदी काठावर जाऊन उभा राहिलो आणि हातातली काठी बाहेर काढली. काढता येईल का? आली, तर बाहेर जागा आहे, म्हणजे तो काठ नव्हताच. नाही आली, तर अडवणारं काहीतरी तिथे आहे, म्हणजे तेव्हाही तो काठ नव्हता.

हा पेच पुढे दोन हजार वर्षं सुटला नाही. कसा सुटला, ते आइन्स्टाइनपाशी आल्यावर बघू.

भास्कराचार्यांचं "असो वा नसो"

आता आपल्याकडे येऊ. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांमध्ये 'खकक्षा' नावाची एक संख्या येते. ख म्हणजे आकाश. खकक्षा म्हणजे आकाशाचा घेर: सुमारे १८ हजार ७१२ लाख कोटी योजनं. काही जण म्हणायचे, हाच ब्रह्मांडाचा परीघ.

११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यात ते ही संख्या देतात आणि मग जे सांगतात त्याचा मथितार्थ असा: ब्रह्मांड एवढं असो वा नसो, माझ्या मते, एका कल्पात एक ग्रह जेवढी योजनं चालतो, त्या अंतराला पूर्वीच्या लोकांनी हे नाव दिलं.

कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. सगळे ग्रह सारख्याच वेगाने चालतात असं तेव्हा मानत. त्यामुळे हे अंतर सगळ्यांसाठी एकच यायचं. म्हणजे भास्कराचार्य काय करतायत बघा. संख्या नाकारत नाहीत. पण तिचा अर्थ बदलतात. ती विश्वाचं माप नाही, ती एका हिशेबाची बेरीज आहे. त्यापलीकडे मी बोलणार नाही.

चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवळात आजही एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. हे "असो वा नसो" त्या मठातल्या पोरांनाही शिकवलं गेलं असणार, असं मला आपलं वाटतं.

रात्र काळी का?

युरोपात १५७६ साली थॉमस डिग्ज या इंग्रज गणितज्ञाने कोपर्निकसचं चित्र नव्याने काढलं आणि ताऱ्यांचा बाहेरचा गोलच काढून टाकला. तारे थेट पानाच्या कडेपर्यंत पसरलेले, वर अनंतच अनंत. जिओर्दानो ब्रूनोने १५८४ साली अनंत विश्वावर आणि असंख्य जगांवर पुस्तकच लिहिलं. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये त्याला जिवंत जाळलं. त्याच्यावरचे बरेचसे आरोप धर्मश्रद्धेबद्दलचे होते, तरी असंख्य जगांचं मतही त्या यादीत होतं. सांगायचा मुद्दा, हा प्रश्न तेव्हा गच्चीवरचा राहिला नव्हता.

१६१० मध्ये केप्लरने मात्र अनंताच्या विरोधात फार सुंदर युक्तिवाद केला. तो म्हणाला, रात्री वर बघा की. अंधार आहे!

हे जरा नीट समजून घेऊ. बांधावर चार बाभळी असतील तर त्यांच्या मधून पलीकडचं शेत दिसतं. पण घनदाट जंगलाच्या मधोमध उभे राहा. कुठेही बघा, नजर एखाद्या खोडावर जाऊन आदळतेच. तसंच, तारे अनंत असतील तर आकाशात कुठेही बघितलं तरी नजर एका ताऱ्यावर पडायला हवी. मग रात्रीचं आकाश सूर्यासारखं लखलखायला हवं. "लांबचे तारे मंद दिसतात ना!" असं तुम्ही म्हणाल. बरोबर. दुप्पट लांबच्या ताऱ्याचा उजेड चौथाई होतो. पण तेवढ्या अंतरावर तारेही चौपट मावतात. हिशेब फिट्टंफाट.

आज हा पेच ओल्बर्सच्या नावाने ओळखतात. हाइनरिश ओल्बर्स जर्मनीतल्या ब्रेमेनचा डॉक्टर. दिवसा पेशंट, रात्री दुर्बीण. पॅलस आणि व्हेस्टा हे लघुग्रह त्याने शोधले. १८२३ साली त्याने सुचवलं, की मधली धूळ आणि वायू उजेड गिळत असतील. पण ते जमत नाही. गिळलेल्या उजेडाने ती धूळच तापेल आणि स्वतः चमकायला लागेल.

योग्य दिशेचं उत्तर आलं कुठून? एका कवीकडून! एडगर ॲलन पो याने १८४८ साली 'युरेका' नावाच्या गद्यग्रंथात लिहिलं, की लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोचलेलाच नसेल. पुढे १९०१ मध्ये लॉर्ड केल्विनने आकडे मांडून दाखवलं, की तारे ठरावीक काळच जळत असतील तर रात्र काळीच राहणार.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. केप्लरला वाटलं, अंधार म्हणजे विश्व लहान असल्याचा पुरावा. प्रत्यक्षात अंधार सांगत होता वेगळंच. तो विश्वाच्या आकाराबद्दल नव्हे, ताऱ्यांच्या वयाबद्दल बोलत होता. पुरावा खरा होता, प्रश्न मात्र भलताच निघाला.

भोपळ्यावरची मुंगी

आता फेब्रुवारी १९१७, बर्लिन. महायुद्ध चालू आहे. आइन्स्टाइन एक निबंध मांडतो: विश्व मर्यादित आहे, पण त्याला काठ नाही.

हे कसं शक्य आहे? भोपळ्यावर चालणारी मुंगी आठवा. भोपळ्याची साल मोजता येते, ती अनंत नाही. पण मुंगी कितीही चालली तरी तिला कड लागत नाही. आइन्स्टाइनने हेच तीन मितींच्या अवकाशाबद्दल म्हटलं. आर्कायटसची काठी इथे अडत नाही, आणि बाहेरही जात नाही. मर्यादित म्हणजे कुंपण असलंच पाहिजे, हे गृहीतकच चुकीचं होतं.

पण त्याचं विश्व स्थिर होतं. ते तसं राहावं म्हणून त्याने समीकरणात एक जादा पद घातलं. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्रीडमन या रशियन गणितज्ञाने दाखवलं, की तीच समीकरणं प्रसरण पावणारं विश्वही देतात. आइन्स्टाइनने आधी त्यात चूक काढली, आणि पुढच्या वर्षी ती हरकत मागे घेतली. १९२४ मध्ये फ्रीडमनने दुसऱ्या वक्रतेची, अनंत असू शकणारी विश्वंही मांडली. म्हणजे वाद आता तत्त्वज्ञानाचा राहिला नाही. अवकाशाची वक्रता किती, ते मोजा.

कोल्हापूरचा मुलगा

या गोष्टीत आपला एक माणूस आहे. जयंत नारळीकर, जन्म १९३८, कोल्हापूर. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल त्यांचे गुरू. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती सिद्धान्त मांडला होता. विश्वाला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि ते पसरत असताना नवं द्रव्य तयार होत राहतं. मग त्यांच्याकडे रात्र काळी का? कारण प्रसरणामुळे लांबचा प्रकाश क्षीण होत जातो.

रेडिओस्रोतांच्या मोजणीवरून केंब्रिजमध्येच या सिद्धान्तावर टीका झाली, तेव्हा १९६१ मध्ये हॉइल आणि नारळीकरांनी मिळून तिला उत्तर दिलं. नारळीकर तेव्हा अजून विद्यार्थीच होते. पण १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले.

नारळीकर वळले नाहीत. पुण्यात 'आयुका' उभी केली, आणि १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत सिद्धान्ताचं सुधारित रूप मांडलं. बहुसंख्य संशोधकांना ते पटलं नाही, हेही सांगायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचं मत हरलं असेल. पण ते भांडले निरीक्षणांच्या जमिनीवर, आणि हे भांडण आपल्याला मराठीत समजावून सांगत राहिले. माझ्यासारख्या कितीजणांना हा प्रश्न त्यांच्याच पुस्तकांतून भेटला.

मग आज काय?

प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून, आपल्याला दिसणारं अवकाश जवळजवळ सपाट आहे. वक्रता असलीच, तर अगदी नगण्य. मग विश्व अनंत? थांबा. जुन्या नोकिया फोनवरचा सापाचा खेळ आठवतो? काही फोनवर साप उजवीकडून बाहेर पडला की डावीकडून आत यायचा. पडदा सपाट, काठ नाही, तरी मर्यादित. विश्व असंही असू शकतं. त्याच्या खुणा प्रारणात शोधल्या गेल्या, अजून सापडलेल्या नाहीत.

आणि मोजमापात थोडी चूक राहतेच. त्यामुळे विश्व मर्यादित असेल, तर ते कधीतरी सिद्ध होऊ शकेल. अनंत असेल, तर केवळ मोजून ते कधीच सिद्ध होणार नाही.

बातम्यांमध्ये एक आकडा वाचाल: विश्वाची त्रिज्या ४६०० कोटी प्रकाशवर्षं. तो विश्वाचा आकार नाही. १३८० कोटी वर्षांत जिथला प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला, ती जागा आज प्रसरणामुळे इतकी लांब गेली आहे. ठरावीक काळ, त्यात झालेला प्रवास, आणि त्याचं अंतर. ओळखीचं वाटतंय ना? ही आपली खकक्षा आहे. भास्कराचार्यांना महास्फोट माहीत होता असं मी म्हणत नाही, कृपा करून तसं फॉरवर्ड करू नका! पण आकड्याला विश्वाचं माप समजू नये, ही शिस्त त्यांच्याकडे होती.

तेव्हा उद्या गच्चीवर एखाद्या पोराने विचारलं, तर "झोप आता" म्हणू नका. सांगा, दिसतं ते एवढं आहे. पलीकडे असो वा नसो, अजून मोजायचं आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.