बर्लिनच्या वाटेची कुळकथा

फुटबॉलच्या जर्मन चषक स्पर्धेची उपांत्य फेरी कुणीही जिंको, प्रेक्षकांतून एकच गजर उठतो: आम्ही बर्लिनला निघालो! चषकाचं नाव घ्यावं लागत नाही, शहराचं नाव पुरतं. राजधानीचं शहर, तेव्हा अंतिम सामना तिथेच व्हायचा, असं आज कुणालाही वाटेल. पण ही प्रथा पडली 1985 साली, आणि तेव्हा पश्चिम जर्मनीची राजधानी होती बॉन.

स्पर्धा तशी जुनी. 1935 मध्ये नाझी राजवटीचा क्रीडाप्रमुख हान्स फॉन चामर उंड ओस्टेन याच्या नावाने ती सुरू झाली. 1943 नंतर युद्धामुळे खंड पडला, आणि 1952-53 च्या हंगामात जर्मन फुटबॉल संघटनेने ती नव्याने उभी केली. अंतिम सामन्याला मात्र कायमचं घर नव्हतं. कधी हॅनोव्हर, कधी स्टुटगार्ट, कधी फ्रँकफुर्ट. प्रशिक्षकाने बाहेर बसवलेला गुंटर नेट्झर 1973 मध्ये जादा वेळेत आपणहून मैदानात उतरला आणि काही मिनिटांतच विजयी गोल करून गेला, तो सामना डुसेलडॉर्फचा.

बर्लिनकडे हा मान आला तो एका अन्यायाच्या पोटी. 1988 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचं यजमानपद पश्चिम जर्मनीला हवं होतं. पश्चिम बर्लिन हा पश्चिम जर्मनीचा भागच नव्हे, असं सोव्हिएत गटातल्या देशांचं म्हणणं होतं. 1974 च्या विश्वचषकाचे सामने याच शहरात झाले होते, तरीही या वेळी विरोध ओढवून घ्यायला संघटना धजावली नाही. हेरमान नॉयबर्गर तेव्हा अध्यक्ष होते. म्युनिक, हॅम्बुर्ग, कोलोन अशी 8 शहरं ठरली, बर्लिन वगळलं गेलं. स्पर्धा मिळाली, पण भिंतीने आधीच कोंडलेल्या शहराला आपल्याच माणसांनी दूर लोटलं होतं. त्याची भरपाई म्हणून चषकाचा अंतिम सामना दरवर्षी बर्लिनला द्यायचं ठरलं. मला हा सौदा पुरता न्याय्य वाटत नाही. पण त्यातून जे उभं राहिलं, ते सौद्यापेक्षा कितीतरी मोठं निघालं.

26 मे 1985. पहिल्या सामन्याला पोहोचायचं म्हणजे पूर्व जर्मनीतून जाणाऱ्या ठरावीक रस्त्याने किंवा रेल्वेने, वाटेत तपासणीला तोंड देत. विमानाने यायचं तर अमेरिकन, ब्रिटिश किंवा फ्रेंच कंपनीच्या. लुफ्थान्साला पश्चिम बर्लिनमध्ये उतरायची मुभा नव्हती. मैदान 1936 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं. समोरासमोर बायर्न म्युनिक आणि क्रेफेल्डचा बायर उर्डिंगन. बायर्नने त्याआधी चषकाचे 7 अंतिम सामने खेळले होते आणि सातही जिंकले होते. आठव्या मिनिटाला डीटर हॉनेसने गोल केला, तेव्हा पुढचं चित्र स्पष्ट दिसत होतं. पण मिनिटभरातच होर्स्ट फाइल्त्सरने बरोबरी साधली. उत्तरार्धाच्या सुरुवातीला बायर्नच्या वोल्फगांग ड्रेमलरला लाल कार्ड मिळालं, आणि सहासष्टाव्या मिनिटाला वोल्फगांग शेफरने उर्डिंगनचा दुसरा गोल केला. 2-1. कार्ल-हाइन्त्स फेल्डकाम्पच्या संघाने चषक उचलला. धाकट्या संघाने बलाढ्याला लोळवण्याचा हा प्रसंग पहिल्याच वर्षी घडला, हे बर्लिनचं भाग्यच. त्याच दिवशी, त्याच मैदानावर आधी महिलांचा अंतिम सामनाही झाला होता. ती जोडी 2009 पर्यंत टिकली; पुढच्या वर्षी महिलांचा सामना कोलोनला गेला आणि त्याला स्वतःचं घर मिळालं.

या विजयामुळे उर्डिंगन युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत गेलं, आणि मार्च 1986 मध्ये त्याच्यासमोर उभा ठाकला पूर्व जर्मनीचा डायनॅमो ड्रेस्डेन. पहिला सामना 0-2 हरलेलं उर्डिंगन परतीच्या सामन्यात मध्यंतराला 1-3 मागे होतं. शेवटी 7-3 जिंकलं. त्या रात्री ड्रेस्डेनचा फ्रांक लिपमान परत गेलाच नाही, पश्चिमेत राहिला.

1989 मध्ये भिंत पडली. 1991-92 पासून पूर्वेकडचे संघही याच चषकासाठी खेळू लागले. 2001 मध्ये पूर्व बर्लिनचा उनियोन हा तिसऱ्या श्रेणीतला संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. शाल्केने त्याला 2-0 हरवलं, पण आता उनियोनच्या पाठीराख्यांना ऑलिम्पिक मैदानापर्यंत यायला कुणाची परवानगी लागली नाही.