ठराव वहीत, पाणी तळ्यात

रायगडाला जाताना वाटेत महाड लागतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तिथलं चवदार तळं पाहिलं असेल. हात जोडायचे, फोटो काढायचा आणि पुन्हा गाडीत बसायचं, असंच बहुधा होतं. माझी सारी नोकरी बँकेत नोंदी आणि सह्या तपासण्यात गेली. त्यामुळे माझं लक्ष त्या तळ्यामागच्या कागदांकडे जातं.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद अगदी चोख! पण तळ्याचं पाणी काही मिळेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा कुठे त्या ठरावात जीव आला. ज्यांना पाणी कधीच कुणी अडवलं नव्हतं, असे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गं. नी. सहस्रबुद्धे हेही या लढ्यात होते.

पुढे काय झालं? परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडलं. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं!

आता आपल्याकडे बघा. तळमजल्यावरचं स्वच्छतागृह आणि पाण्याचा फिल्टर वॉचमन, धुणंभांडी करणाऱ्या ताई, सफाई कामगार, पार्सलवाली मुलं या सर्वांसाठी आहे, असा ठराव आपल्या वार्षिक सभेने एकमताने केला. वहीत तो आहे. दाराला मात्र कुलूप आहे आणि किल्ली ऑफिसात. दुपारी ऑफिस बंद असलं की पाचव्या मजल्यावर काम करणारी बाई जाणार कुठे? कुणाच्या मनात वाईट नसेलही. पण तिची अडचण काही त्याने सुटत नाही.

रौप्यमहोत्सवी वर्षात आपण महाडला सहल जरूर काढू. मुलांना तळ्याच्या पायऱ्यांवर बसवून ही हकिगत सांगू. फक्त जाण्याआधी ते कुलूप काढलेलं असावं, एवढीच कमिटीला आणि आपणा सर्वांना माझी विनंती.