घरचा पॉमेरियन चावला तर? एका गैरसमजाचा इतिहास

"डॉक्टर, रस्त्यावरचा नाही हो, आमचाच पॉमेरियन आहे. जरासा दात लागलाय. इंजेक्शन नको ना?"

हा प्रश्न कुठल्याही जनरल फिजिशियनच्या ओळखीचा आहे. त्यामागचा हिशोब सरळ असतो: कुत्रा लहान, गोंडस, घरातला, म्हणजे धोका नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र याच कुळातल्या कुत्र्यांबद्दल नेमका उलटा समज होता.

जातीला दोष

1870 च्या दशकात न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागात 'स्पिट्झ' कुत्र्यांची मोठी धास्ती पसरली होती. पांढरा, झुपकेदार शेपटीचा हा कुत्रा पॉमेरियनच्या कुळातला. रेबीज याच जातीत उपजतच असतो, असे वर्तमानपत्रांतून छापून येई आणि लोक त्यावर विश्वास ठेवत. रेबीज कशामुळे होतो, हेच तेव्हा नीट माहीत नव्हते. मग दोष जातीवर ढकलणे सोपे होते.

6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या 9 वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर लस टोचायला सुरुवात झाली. मुलगा वाचला. रोग लाळेतून, जखमेवाटे शरीरात जातो आणि वेळेवर लस दिली तर तो टळू शकतो, हे जगाला पटू लागले. इथे कुत्र्याच्या जातीचा प्रश्नच नव्हता.

मग लाडाचे दिवस आले

1888 मध्ये राणी व्हिक्टोरिया इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेली आणि येताना पॉमेरियन घेऊन आली. राणीला लहान चणीचे कुत्रे आवडत, म्हणून तशीच पैदास होऊ लागली. पूर्वी बराच मोठा असलेला हा कुत्रा पुढे दोन-तीन किलोंवर आला आणि त्याच्याविषयीची भीती जाऊन तिथे लाड आले.

पण त्याच इंग्लंडने रेबीज घालवला तो लाडाने नव्हे. 1890 च्या दशकाच्या शेवटी कृषी खात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी रोग असलेल्या भागांत रस्त्यावर आणलेल्या कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती केली आणि बाहेरदेशातून येणाऱ्या कुत्र्यांवर कडक निर्बंध घातले. कुत्रेप्रेमी मंडळी भयंकर चिडली. तरी 1902 पर्यंत रेबीज तिथून हद्दपार झाला. 1918 मध्ये तो परत आला. महायुद्धाच्या काळात चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो आला, असे मानले जाते. नियम एकदा ढिला पडला की असे होते.

आपल्याकडची चौदा इंजेक्शने

1911 मध्ये कसौली इथे डेव्हिड सेंपल यांनी प्राण्यांच्या मेंदूपासून लस तयार केली. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतली 'पोटातली चौदा इंजेक्शने' ती हीच. ती दुखत आणि क्वचित मज्जासंस्थेवर गंभीर दुष्परिणामही होत. भारतात ही लस 2005 च्या सुमारास बंद झाली. तिची भीती मात्र अजून गेलेली नाही. माझ्या मते "छोटाच कुत्रा आहे" या समजुतीमागे बऱ्याचदा ही भीतीच असते. आजची लस दंडावर देतात आणि चार-पाच भेटींत काम होते.

लक्षात ठेवा

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय कुत्र्यात लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीच विषाणू लाळेत येतो, म्हणून "कुत्रा तर ठीक दिसतोय" एवढ्यावर थांबू नका.

- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका.
- त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकते.
- कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस लांबवू नका. तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस डॉक्टर ठरवतील.
- पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या. पुढचे डोस पशुवैद्य सांगतील त्या वेळी चुकवू नका. घरातला कुत्राही जिन्यात, बागेत इतर कुत्र्यांना भेटतोच.

आणखी एक. अल्सेशियन गुरगुरला तर आपण त्याला शिस्त लावतो. पॉमेरियन गुरगुरला तर हसतो आणि उचलून घेतो. म्हणून त्याची चावायची सवय तशीच राहते. लहान मुले त्याच्याशी खेळायला खाली बसतात, तेव्हा त्यांचा चेहरा त्याच्या दाताजवळ असतो. दोघांना एकटे सोडू नका.

न्यूयॉर्कचे लोक जातीला घाबरले, आपण जातीवर विसंबतो. चूक दोघांची एकच. तुमच्या कुत्र्याची जात मला नंतर सांगितलीत तरी चालेल. त्याचे लसीकरणाचे कार्ड मात्र सोबत आणा.